दवाखाना सुटला, अशक्तपणा सुटेना

“अल्हमदुलिल्लाह, आज डिस्चार्ज मिळाला. दुआ करणाऱ्या सगळ्यांचे शुक्रिया.” घरच्या ग्रुपवर असा निरोप आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. फोन येतात, फळांच्या पिशव्या येतात, कोणी सदका काढतो. आठ-पंधरा दिवस असे जातात. मग घरात वेगळीच कुजबुज सुरू होते. “ताप गेला, रिपोर्ट नॉर्मल आले, मग अजून संडासला जाताना हात का धरावा लागतो?” “जेवण जात नाही म्हणतात, लाड तर करून घेत नाहीत ना?” “मनातून खचलेत, दुसरं काही नाही.”

हा लेख त्या ‘दुसऱ्या काही’बद्दल आहे. न्यूमोनिया, लघवीतून रक्तात गेलेले इन्फेक्शन, बाळंतपणानंतरचा ताप, लेप्टो, मधुमेहींच्या पायाची चिघळलेली जखम अशा कुठल्याही मोठ्या संसर्गातून माणूस वाचतो, तेव्हा मागे राहणारा अशक्तपणा हा त्या आजाराचाच पुढचा भाग असतो. त्याला उपचार लागतो आणि तो बराचसा घरातच करावा लागतो. आपल्या घरांत मात्र दोन टोके दिसतात. बुजुर्ग आजारी पडले तर त्यांना आपण पलंगावरून उठू देत नाही. घरातली बाई आजारी पडली तर तिला पलंगावर बसू देत नाही. दोन्ही प्रकारांत माणूस अधू होतो.

डॉक्टर नातेवाइकांना “इन्फेक्शन रक्तात पसरलंय” असे सांगतात, तेव्हा फाइलवर बहुधा ‘सेप्सिस’ हा शब्द असतो. जंतूंशी लढताना शरीराची स्वतःचीच यंत्रणा बेताल होते आणि त्या भरात मूत्रपिंड, फुप्फुसे, हृदय, मेंदू यांचे काम ढासळू लागते, अशी त्याची २०१६ साली ठरलेली व्याख्या आहे. जंतू मारायला अँटिबायोटिक असते. या लढाईत जे मोडले ते जोडणारे अँटिबायोटिक नसते. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यातील १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मृत्यूचा आकडा भयंकर आहेच, पण जरा वजाबाकी करून पाहा. पावणेचार कोटींहून जास्त माणसे जगली. ती घरी गेली, आणि त्यांच्या घरच्यांनी असाच निरोप कोणाला ना कोणाला पाठवला असेल.

घरी येईपर्यंत त्यांच्या अंगात काय झालेले असते? लंडनच्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातील ६३ रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने पुन्हा पुन्हा मोजला. दहा दिवसांत त्या स्नायूचा छेद सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटला होता. ज्यांचे एकापेक्षा जास्त अवयव निकामी झाले होते त्यांची घट त्याहूनही मोठी. हा अभ्यास २०१३ चा. दहा दिवसांत जवळपास पाचवा हिस्सा! आणि हा स्नायू कोणता, तर खुर्चीतून उठण्याचा, जिना चढण्याचा, देशी संडासातून वर येण्याचा. नुसते पडून राहिल्यानेही स्नायू झिजतो, पण इतक्या झपाट्याने नाही. इथे शरीर लढाईच्या खर्चासाठी स्वतःचेच मांस मोडत असते.

दुसरे नुकसान नसांचे. १९८४ मध्ये कॅनडातील डॉक्टर चार्ल्स बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गंभीर रुग्णांच्या हातापायांच्या नसा निकामी झाल्याची नोंद केली. आजार ओसरला तरी हातपाय उचलेनात, व्हेंटिलेटर काढवेना. नस पुन्हा वाढते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. म्हणून पंजा लोंबतो, पायातली चप्पल नकळत निसटते, तळव्यांना मुंग्या येतात, रात्री आग होते. मन खचल्याने चप्पल निसटत नसते, एवढे तरी घरच्यांनी समजून घ्यावे.

माझ्या मामूंना जुना मधुमेह. लघवीचे इन्फेक्शन रक्तात गेले आणि ते १९ दिवस दवाखान्यात होते, त्यातले ८ अतिदक्षता विभागात. घरी आले तेव्हा तीन मुलगे, दोन सुना आणि नातवंडे खिदमतीला हजर. पाणी तोंडापाशी, घास भरवलेला, कूस बदलून दिलेली, तयम्मुमसाठी मातीची वीट उशाशी. उठायचा प्रयत्न केला की चारी बाजूंनी “अब्बा, तुम्ही फक्त आराम करा.” महिनाभरात गुडघे आखडले आणि माकडहाडावर जखम झाली. शेवटी फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीला बोलावले. तिने पहिल्याच दिवशी सुनांना सांगितले, “उद्यापासून पाण्याचा ग्लास हातात द्यायचा नाही. हात लांब करावा लागेल इतक्या अंतरावर ठेवायचा.” थोरल्या सुनेला ही बेअदबी वाटली. मला फोन करून म्हणाली, “आपा, सासऱ्यांचं पाणी लांब ठेवू? लोक काय म्हणतील?” मी म्हटले, लोकांना मी बघते, तू ग्लास ठेव.

तिने घालून दिलेला क्रम साधा होता. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटे बसायचे, दिवसातून तीनदा. चक्कर येईनाशी झाली की हात टेकून उभे राहायचे, मनात दहा आकडे मोजायचे, बसायचे. मग खुर्ची पलंगापासून दोन पावलांवर, पुढच्या आठवड्यात दारापाशी. जेवण पलंगावर बंद, खुर्चीत बसूनच. झोपल्या झोपल्या घोटे वरखाली करायचे आणि पंजा लोंबू नये म्हणून पायाशी उशी. छातीत धडधड वाढली, किंवा बोलताना एक वाक्य दमाविना पुरे होईना, की थांबायचे. व्यायाम सलग करायचा नाही, तुकड्यांनी करायचा.

याला पुरावा आहे. अमेरिकेत २००९ साली १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे रुग्ण व्हेंटिलेटरवर होते. त्यातील एका गटाला अगदी सुरुवातीपासून, गुंगीचे औषध रोज काही वेळ थांबवून, हातपाय हलवायला, बसायला, स्वतः तोंड धुवायला लावले. दवाखान्यातून निघताना त्यांच्यातले ५९ टक्के स्वतःची कामे स्वतः करू शकत होते, दुसऱ्या गटातले ३५ टक्के. पण गोष्ट इथेच संपत नाही. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या, ७५० रुग्णांच्या अभ्यासात नेहमीपेक्षा जास्त जोर लावून हालचाल करून पाहिली. तिचा जास्तीचा फायदा दिसला नाही, उलट हृदयाचे ठोके आणि रक्तदाब बिघडण्याचे प्रकार वाढले. तेव्हा “चला अब्बा, उठा, हिंमत करा” म्हणत रुग्णाला ओढून अंगणभर फिरवणाऱ्या उत्साही मुलांनी हा दुसरा अभ्यासही ध्यानात ठेवावा. रोज थोडे, दमाच्या आत.

मामूंची प्रगती आम्ही नमाजवरून मोजली, आणि ही पट्टी मला फार उपयोगी वाटते. नमाज म्हणजे व्यायाम असे सांगणारे संदेश फिरत असतात, ते मला आवडत नाहीत. इबादत ती इबादत. पण रुग्णाला कुठवर पोहोचायचे आहे, हे त्यातून त्याला स्वतःलाच कळते. पहिले दिवस पडून इशाऱ्याने. मग उशीला टेकून बसून. मग खुर्चीवर. मग कयाम उभ्याने आणि रुकू-सजदा खुर्चीवर. जमिनीवरच्या सजद्यातून हात न टेकता उठणे ही सर्वांत अवघड पायरी, कारण तिथे तोच मांडीचा झिजलेला स्नायू लागतो. मामूंना तिथपर्यंत यायला सात महिने लागले. यात कमीपणा वाटून घेणाऱ्यांसाठी सांगते, हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना प्रेषितांनी (स.) त्यांना उभ्याने, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज पढण्यास सांगितले, ही हदीस सहीह बुखारीत आहे. रोज्याचेही तसेच. सूरह बकरहमध्ये आजाऱ्याला सवलत दिलेली आहे. मूत्रपिंडाला नुकताच मार बसलेल्या मधुमेहीने “यंदा एकही रोजा सोडणार नाही” असा हट्ट धरला, तर घरच्यांनी वाहवा करू नये. डॉक्टर आणि आलिम या दोघांना विचारावे.

आता दुसरे टोक. माझ्या शाळेतील एका शिक्षिकेला न्यूमोनिया झाला, पाच दिवस व्हेंटिलेटर लागला. शाळेने दोन महिन्यांची वैद्यकीय रजा दिली. स्वयंपाकघराने दिली नाही. घरी आल्यावर नवव्या दिवशी तिच्या हातात लाटणे होते. नवरा वाईट माणूस मुळीच नव्हे. दवाखान्यात रात्र-रात्र बाकावर बसून काढलेला माणूस तो. पण बायको हिंडू-फिरू लागली म्हणजे बरी झाली, एवढेच त्याला ठाऊक होते. तिच्या मनगटात जोर नव्हता. एके दिवशी आमटीचे भरलेले पातेले उतरवताना निसटले आणि पाय भाजला. वर सासूबाईंचे म्हणणे, “लक्ष कुठं असतं हिचं?”

कॅनडात फुप्फुसे निकामी होऊन वाचलेल्या १०९ रुग्णांचा माग काढला होता. तो अभ्यास २००३ साली छापून आला. बहुतेक तरुण माणसे, वयाचा मध्य ४५. दवाखाना सोडून वर्ष झाले तरी साधारण निम्मेच कामावर परतू शकले होते. फुप्फुसे बऱ्यापैकी सुधारली होती, अडवत होता तो स्नायूंचा अशक्तपणा आणि थकवा. वर्षभरानंतर निम्मे! आणि आपण चाळिशीतल्या बाईकडून नवव्या दिवशी बारा माणसांच्या रोट्यांची अपेक्षा करतो. कचेरीतल्या कामाला डॉक्टरचा दाखला चालतो, चुलीपुढच्या कामाला कोणी दाखला मागत नाही आणि देतही नाही. डिस्चार्जच्या वेळी घरातल्या पुरुषाने डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: वजन किती उचलायचे, किती वेळ उभे राहायचे, पाणी भरणे, कपडे पिळणे, कणीक मळणे कधीपासून. उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि सर्वांना दिसेल असे लावावे. तिला सगळे बंद करायचे नाही, कारण पडून राहणे तिलाही घातकच. उंच स्टुलावर बसून भाजी निवडणे, वीस मिनिटे काम आणि तितकाच आराम, जड भांडी दुसऱ्याने उतरवणे. मुलगे घरात असतात. त्यांचे हात कशासाठी आहेत?

मनाचे नुकसान हातापायांसारखे दिसत नाही, म्हणून त्याचा भलताच अर्थ लावला जातो. अतिदक्षता विभागात असताना पुष्कळ रुग्णांना भ्रम होतो. भिंतीवर माणसे दिसतात, नर्स आपल्याला विष देतेय असे वाटते, मेलेले नातेवाईक येऊन बोलतात. घरी आल्यावरही ती चित्रे स्वप्नात येतात आणि रुग्ण ओरडत उठतो. मग कोणीतरी म्हणते नजर लागली, कोणी जिन्नाचे नाव घेते, आणि ज्या पैशातून फिजिओथेरपी झाली असती तो ताईतवाल्या बाबाच्या खिशात जातो. कुरआन पढून दम करा, दुआ करा, कोण नको म्हणतो? पण हा भ्रम मेंदूवर झालेल्या आजाराच्या परिणामातून येतो, हे डॉक्टरांना ठाऊक असते. त्यांना सांगा.

विसराळूपणाचेही तेच. अमेरिकेत गंभीर सेप्सिसमधून वाचलेल्या ५१६ वयस्कांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धीचे कामकाज बरेच मंदावलेले लोक आजारापूर्वी शंभरात सहा होते, नंतर सतरा झाले. आजारापूर्वी सगळे स्वतः करणाऱ्यांनाही नंतर आंघोळ, कपडे, पैशाचा हिशेब, औषधे वेळेवर घेणे यांसारख्या एक-दोन कामांत नव्याने मदत लागू लागली. म्हणून गोळ्यांचा डबा वारांच्या खणांचा घ्यावा आणि दुकानाचा, भिशीचा हिशेब काही महिने दुसऱ्याने पाहावा. शरीर, बुद्धी आणि मन यांच्या या एकत्रित त्रासाला २०१२ पासून डॉक्टरी भाषेत ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ म्हणतात. त्यात रुग्णाची सेवा करणाऱ्या नातेवाइकांची झोप उडणे, धास्ती घेणे हेही धरले आहे.

उत्तर युरोपातल्या दवाखान्यांत एक रीत आहे, ती मला शिक्षिका म्हणून विशेष भावली. रुग्ण बेशुद्ध असताना नर्स आणि घरचे एका वहीत रोज चार ओळी लिहितात. आज ताप उतरला, आज नळी काढली, आज धाकटीचा निकाल लागला. त्याने किती फरक पडतो यावर संशोधकांचे एकमत नाही. पण आयुष्यातले गहाळ झालेले दिवस रुग्णाला परत वाचता येतात. वीस रुपयांची वही लागते, एवढेच.

खाण्याबद्दल थोडक्यात. आजाऱ्याला पेज, साबुदाणा, नारळपाणी आणि ताकद यावी म्हणून पाया सूप हा आपला ठरलेला बेत. सूप गरम आणि रुचकर असते, पण स्नायू बांधायला नुसता रस्सा पुरत नाही. अंडे, मासळी, मटणाचा किंवा कोंबडीचा तुकडा, डाळ, दही पोटात जायला हवे. दिवसातून सहा वेळा थोडे-थोडे. मूत्रपिंडाला मार बसला असेल तर किती द्यायचे ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. घशात नळी होती त्यांचा आवाज बसतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. अशांना ताठ बसवूनच भरवावे. ठसका टिकला तर दाखवावे, कारण तेच पाणी श्वासनलिकेत जाऊन पुन्हा न्यूमोनिया होतो. दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. बायका घाबरून जातात, पण ते बहुधा परत येतात.

आणि इयादतीला येणाऱ्यांनो, सवाब पदरात पाडून घ्या, पण पंधरा मिनिटांत उठा. “किती वाळलात!” हे वाक्य घरी ठेवून या. खोकला-सर्दी असेल तर फोनवरच दुआ द्या.

ते शेवटचे मी गमतीने म्हणत नाही. अशा रुग्णांना पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा इन्फेक्शन होण्याचा धोका मोठा असतो. अमेरिकेतील वयस्क रुग्णांच्या एका अभ्यासात ४० टक्क्यांहून जास्त जणांना ९० दिवसांत पुन्हा दवाखान्यात जावे लागले. हुडहुडी भरणे, श्वास जलद होणे, लघवी अगदी कमी होणे, हातपाय गार पडून त्वचेवर निळसर चट्टे, आणि अचानक असंबद्ध बोलणे, यातले काही दिसले की सकाळची वाट पाहू नये. म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप येतच नाही, फक्त तो ‘वेगळाच वागू’ लागतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवावे.

काहींचे नुकसान मात्र भरून येत नाही. रक्तदाब कोसळला की बोटांपर्यंत रक्त पोहोचत नाही, ती काळी पडतात आणि काढावी लागतात. मधुमेहींचा तर पायच जातो. अशा वेळी “अल्लाहची मर्जी” म्हणून खाटेवर बसून राहणे ही सब्रची चुकीची समजूत आहे. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी घडवला, तोच मुळी जमिनीवर मांडी घालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या लोकांसाठी. मशिदीत चप्पल काढून जाणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून असे पाय मोफत बसवते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. दर्ग्याला जाणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांनी तिची पाटी पाहिली असेल, पण आत पाऊल टाकलेले थोडेच.

कागदपत्रांचा कंटाळा करू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. जन्मतः असलेलेच अपंगत्व चालते असा काही घरांत गैरसमज असतो. आजाराने आलेलेही चालते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला लागतो. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि यूडीआयडी कार्ड मिळते. सुधारणा होण्यासारखी असेल तर दाखला ठरावीक मुदतीचाच देतात, ती तारीख लिहून ठेवावी. आणि सरकारी नोकरीत असलेल्यांनी या कायद्याचे कलम २० वाचावे. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कोणाला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. आधीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते, आणि तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवावे लागते. आजारी माणसाच्या सहीचा राजीनामा घरच्यांनी घाईने नेऊन देण्याआधी हे एकदा वाचलेले बरे.